शाश्वत विकासात संशोधनाचं मास्टर्स: अफाट विषय, छोटा प्रश्न

शाश्वत विकास हा विषय हवामानापासून कुपोषणापर्यंत आणि जंगलापासून शेअर बाजारापर्यंत कुठेही जाऊ शकतो. संशोधनाची पदवी मात्र एका माणसाला, दीड-दोन वर्षांत, बेताच्या पैशांत उत्तर देता येईल असा एकच प्रश्न मागते. या दोन्हींची ओढाताण म्हणजेच हा अभ्यासक्रम. प्रवेशाच्या अर्जात बहुतेक जण जग बदलण्याबद्दल लिहितात आणि प्रवेश मिळाल्यावर पहिले काही महिने गाइडच्या खोलीत त्या स्वप्नाची काटछाट चालते. अनेकांना ती अपमानासारखी वाटते. माझ्या मते या पदवीत शिकण्यासारखं सर्वांत मोलाचं तेच आहे: काय सोडायचं, कुठे थांबायचं आणि जे सोडलं ते लपवायचं कसं नाही.

आधी विषयातलं भांडण

संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणावरची पहिली मोठी परिषद १९७२ साली स्टॉकहोमला झाली. औद्योगिक देशांना प्रदूषणाची काळजी होती. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांना वेगळीच धास्ती होती, की पर्यावरणाचं नाव पुढे करून आपला विकास अडवला जाईल. इंदिरा गांधींनी तिथल्या भाषणात गरिबीचा मुद्दा ठामपणे मांडला तो याच वातावरणात. हा तिढा सोडवण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९८३ मध्ये एक आयोग नेमला. नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलांड त्याच्या अध्यक्ष होत्या. आयोगाच्या १९८७ च्या अहवालातली व्याख्या आजही असंख्य थिसिसच्या पहिल्या प्रकरणात भेटते: पुढच्या पिढ्यांची आपल्या गरजा भागवण्याची क्षमता धोक्यात न आणता आजच्या पिढीच्या गरजा भागवणारा विकास. १९९२ ची रिओ परिषद आणि २०१५ मध्ये १९३ देशांनी स्वीकारलेली शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं हे त्याच वाटेवरचे पुढचे टप्पे. त्या १७ उद्दिष्टांखाली १६९ लक्ष्यं आहेत, मुदत २०३० ची आहे आणि प्रगती मोजायला दोनशेहून अधिक निर्देशक आहेत.

ही व्याख्या सगळ्यांना पटते, कारण अवघड प्रश्न तिने उघडेच ठेवले आहेत. गरजा कोणाच्या? किती पिढ्या पुढे बघायचं? जंगल तोडून त्या पैशात शाळा बांधली तर पुढच्या पिढीचं नुकसान झालं की फायदा?

शेवटच्या प्रश्नावर अभ्यासकांचे सरळ दोन तट आहेत. रॉबर्ट सोलो यांच्या परंपरेतले अर्थशास्त्रज्ञ म्हणतात, एकूण भांडवल टिकलं म्हणजे झालं. निसर्ग थोडा घटला, पण त्याच्या बदल्यात कारखाने, रस्ते, शिक्षण उभं राहिलं, तर पुढची पिढी गरीब झाली असं म्हणता येत नाही. हर्मन डेली आणि त्यांच्या बाजूच्या लोकांना हे मान्य नाही. मासेच संपले तर जास्त बोटी काय कामाच्या, असा त्यांचा सवाल. निसर्गाची काही कामं पैशाने भरून निघत नाहीत, म्हणून तो हिशेब वेगळा ठेवायला हवा.

हा वाद कागदावरचा वाटत असेल तर नाउरू बघा. पॅसिफिक महासागरातलं जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं हे बेट विसाव्या शतकात फॉस्फेटसाठी खणलं गेलं. १९७० च्या दशकात तिथलं दरडोई उत्पन्न जगातल्या सर्वांत जास्त उत्पन्नांपैकी एक होतं. फॉस्फेटच्या पैशाचा मोठा भाग भविष्यासाठी एका निधीत ठेवला होता, म्हणजे सोलो यांच्या बाजूने बघितलं तर सगळं शहाणपणाचं चाललं होतं. पुढे गुंतवणुका फसल्या, निधी आटला आणि बेटाचा मधला मोठा भाग टोकदार चुनखडीचं ओसाड रान होऊन बसला. एक तट म्हणतो, सिद्धांत बरोबर होता, निधी नीट सांभाळला नाही. दुसरा म्हणतो, निधी टिकला असता तरी राहण्याजोगी जमीन कुठून आणली असती?

विद्यार्थ्याने यात बाजू घेतलीच पाहिजे असं नाही. पण आपण कुठे उभे आहोत हे माहीत असायला हवं, कारण मोजपट्टी त्यावरून ठरते. देशाच्या बचतीतून निसर्गाची झीज वजा करणारा जागतिक बँकेचा निर्देशांक पहिल्या तटाच्या विचारातून आलेला आहे. २००९ मध्ये योहान रॉकस्ट्रॉम आणि सहकारी शास्त्रज्ञांनी मांडलेल्या पृथ्वीच्या नऊ मर्यादा, म्हणजे हवामान, गोडं पाणी, जैवविविधता अशा बाबतीत न ओलांडण्याच्या रेषा, दुसऱ्या तटाला जवळच्या आहेत. त्यातल्या सहा आपण ओलांडल्या आहेत, असं २०२३ च्या मूल्यमापनात म्हटलं होतं. एकच देश पहिल्या पट्टीवर पास आणि दुसरीवर नापास होऊ शकतो. पट्टी का निवडली हे ज्या थिसिसमध्ये लिहिलेलं नसतं, तिथे परीक्षक पहिला घाव तिथेच घालतो.

एकाच नावाच्या दोन पदव्या

'शाश्वत विकासातलं मास्टर्स' या नावाखाली दोन वेगळे अभ्यासक्रम चालतात आणि माहितीपत्रकात ते सारखेच दिसतात. पहिल्यात वर्ग, असाइनमेंट आणि परीक्षा यांचा भार जास्त असतो आणि शेवटी छोटा प्रबंध येतो. दुसऱ्यात वर्ग कमी, काही ठिकाणी जवळजवळ नाहीतच, आणि थिसिस हाच पदवीचा कणा असतो. उत्तर अमेरिकेत बऱ्याचदा एकाच विभागात थिसिसचा आणि बिनथिसिसचा असे दोन पर्याय मिळतात. ब्रिटनमध्ये संशोधनाच्या मास्टर्सला 'एमरेस' किंवा 'एमफिल' अशी वेगळी नावं असतात. युरोपातल्या बऱ्याच देशांत दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो आणि त्यातलं शेवटचं सत्र किंवा अख्खं वर्ष थिसिसला दिलेलं असतं.

नावावर जाऊ नका, क्रेडिट मोजा. युरोपीय पद्धतीत वर्षाला ६० क्रेडिट असतात आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. थिसिस ३० क्रेडिटचा असेल तर तो ७५० ते ९०० तासांचा ऐवज झाला, ६० चा असेल तर त्याच्या दुप्पट. ब्रिटनमधल्या एका वर्षाच्या शिकवणीप्रधान मास्टर्समध्ये एकूण १८० क्रेडिटपैकी साधारण ६० प्रबंधाला असतात, पण तिथे एक क्रेडिट १० तासांचं धरतात. म्हणजे ते ६०० तास झाले. एकदा तास कळले की कोणता प्रश्न त्यात मावेल याचा अंदाज येऊ लागतो. ६०० तासांत शंभर मुलाखती घेऊन, त्या उतरवून, त्यांचं विश्लेषण करून लिहून होत नाही. तासाभराची मुलाखत शब्दशः उतरवायलाच चार ते सहा तास जातात.

फरक फक्त तासांचा नाही. शिकवणीच्या अभ्यासक्रमात प्रश्न कोणीतरी देतं आणि त्याचं उत्तर कुठेतरी असतं. इथे प्रश्न तुम्ही शोधायचा, आणि त्याचं उत्तर गाइडलाही माहीत नसतं. आयुष्यभर पहिल्या नंबरात आलेल्या मुलांना हे पचवायला सर्वांत जड जातं.

सौरपंपाचं उदाहरण

प्रश्न लहान होतो म्हणजे काय होतं, ते एका उदाहरणावरून पाहू. समजा विद्यार्थिनीला 'शाश्वत शेती' यावर काम करायचं आहे. हा विषय झाला, प्रश्न नाही. गाइड विचारते, शेतीतलं काय? ती म्हणते, सौरपंप. डिझेल जळत नाही, कार्बन वाचतो, शेतकऱ्याचा खर्च वाचतो.

इथे एक गाठ आहे. डिझेल पंपाला प्रत्येक तासाला पैसे पडतात, म्हणून शेतकरी गरजेपुरता पंप चालवतो. सौरपंप एकदा बसवला की पुढचा प्रत्येक तास फुकट. मग उपसा वाढेल का? भूजल खाली जाईल का? वाढेलच असं नाही, कारण विहिरीत पाणीच मर्यादित असेल तर पंप चालवून चालवून चालवणार किती? किंवा शेतकरी जादा पाणी शेजाऱ्याला विकेल आणि ज्याच्याकडे विहीर नाही त्याची शेती पहिल्यांदा भिजेल. म्हणजे एकच यंत्र हवामानाच्या उद्दिष्टाला मदत करतं, पाण्याच्या उद्दिष्टाला कदाचित मारक ठरतं आणि विषमता कमी करतं किंवा वाढवतं. १७ उद्दिष्टं पोस्टरवर शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने बसतात. शेतात ती एकमेकांच्या पायात येतात. या विषयातलं चांगलं संशोधन बहुधा अशाच जागी उगवतं.

(अर्थशास्त्रात याचा एक जुना भाऊबंद आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये दाखवलं होतं की वाफेची इंजिनं कमी कोळशात जास्त काम करू लागली, तरी देशाचा कोळशाचा एकूण खप घटला नाही, उलट वाढला. सौरपंपाचं प्रकरण तंतोतंत तसं नाही. इथे कार्यक्षमता वाढलेली नसून किंमत शून्यावर आलेली आहे. पण स्वस्ताईने वापर वाढतो ही शंका तीच.)

आता प्रश्न झाला: सौरपंप आल्यावर भूजलाचा उपसा वाढतो का? छान आहे, पण अजून हाताबाहेरचा आहे, कारण बहुतेक विहिरींवर मीटर नसतो. उपसा मोजायचाच झाला तर शेकडो विहिरींवर यंत्रं बसवून काही हंगाम थांबावं लागेल. तेवढा पैसा नाही, तेवढा वेळही नाही. मग गाइड विचारते, उपशाशी जोडलेलं असं काय आहे जे डोळ्यांना दिसतं? पीक दिसतं. जास्त पाणी पिणारं पीक घ्यायला शेतकऱ्याने सुरुवात केली की नाही, हे उपग्रहाच्या चित्रांतूनही कळतं आणि विचारलं तर शेतकरीही सांगतो.

शेवटी प्रश्न असा उरतो: एका पाणलोट क्षेत्रात, सौरपंप बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन वर्षांत शेतकऱ्यांनी पिकं बदलली का, आणि बदलली तर कोणी व का? 'शाश्वत शेती' म्हणत आलेल्या विद्यार्थिनीला हे फारच किरकोळ वाटेल. पण याचं उत्तर देता येतं, ते चुकीचं ठरू शकतं आणि कोणाला तरी उपयोगी पडू शकतं. या तिन्ही कसोट्या लागल्या की प्रश्न तयार झाला.

वाटेत काय हरवलं तेही लिहून ठेवायचं. पीक म्हणजे उपसा नव्हे. तेच पीक ठेवून कोणी दुप्पट पाणी देत असेल तर ते या अभ्यासात दिसणारच नाही. ही त्रुटी थिसिसच्या मर्यादांच्या भागात ठळकपणे यायला हवी. पुष्कळ विद्यार्थी हा भाग शेवटच्या रात्री चार ओळींत उरकतात, आणि व्हायव्हात अर्धा वेळ त्याच चार ओळींवर जातो.

आकडे असतात, पण जुळत नाहीत

डेटाच्या बाबतीत आजचा विद्यार्थी नशीबवान आहे. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहमालिकेची चित्रं १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून ती सगळ्यांना मोफत मिळतात. युरोपचा सेंटिनेल-२ हा २०१५ पासून शेतजमीन १० मीटर इतक्या बारकाईने टिपतो, आणि जोडीतले दोन उपग्रह मिळून साधारण पाच दिवसांनी त्याच जागेवर परत येतात. भूजलासाठी 'ग्रेस' नावाची उपग्रहांची जोडी २००२ मध्ये सोडली होती. गुरुत्वाकर्षणातले सूक्ष्म बदल मोजून जमिनीखालचं पाणी घटलं की वाढलं याचा अंदाज तिच्यामुळे घेता आला.

हे वाचून आपली विद्यार्थिनी खूश होईल: मग मीटर कशाला, 'ग्रेस'चे आकडे आहेतच की! पण ते आकडे शेकडो किलोमीटरच्या पट्ट्याची सरासरी सांगतात. तिचं पाणलोट क्षेत्र काही किलोमीटरचं. तो आकडा तिच्या गावांबद्दल काहीच सांगत नाही. डेटा कोणत्या मापाचा आहे आणि प्रश्न कोणत्या मापाचा आहे, हे न जुळणं ही या विषयातली सर्वांत जास्त आढळणारी चूक असावी. देशाच्या सरासरीवरून गावाबद्दल बोललं जातं, आणि एका गावावरून देशाच्या धोरणाबद्दल.

दुसरी अडचण तुलनेची. सौरपंपवाल्यांनी जास्त पाण्याचं पीक घेतलं असं दिसलं, तर ते पंपामुळेच का? कदाचित पंप मिळाला तोच सधन, जाणकार, ओळखीपाळखी असलेल्या शेतकऱ्यांना, आणि त्यांनी पंपाविनाही पीक बदललंच असतं. कदाचित त्या वर्षी पाऊस चांगला झाला. म्हणून नुसती 'आधी आणि नंतर' अशी तुलना पुरत नाही, आणि नुसती 'पंपवाले आणि बिनपंपवाले' अशीही नाही. दोन्ही एकत्र कराव्या लागतात: पंपवाल्यांमध्ये जितका बदल झाला त्यातून, त्याच काळात बिनपंपवाल्यांमध्ये झालेला बदल वजा करायचा. पाऊस दोघांवरही सारखाच पडला, म्हणून त्याचा परिणाम वजाबाकीत निघून जातो. उरलेला फरक पंपाचा, पण एका अटीवर: पंप आले नसते तर दोन्ही गट सारख्याच दिशेने गेले असते. ही अट सिद्ध करता येत नाही. पंप येण्याआधीच्या काही वर्षांत दोघांची चाल सारखी होती का, एवढंच दाखवता येतं.

आणि एवढं करूनही 'का' हाती लागत नाही. पीक बदललं हे उपग्रह सांगेल. बाजारभाव चढला म्हणून बदललं, कर्ज फेडायचं होतं म्हणून, की मजूर मिळेनात म्हणून, हे माणसांशी बोलल्याशिवाय कळत नाही. मुलाखतींना 'किस्से' समजून नाक मुरडणारे इंजिनिअर आणि समीकरण दिसलं की पान उलटणारे समाजशास्त्राचे विद्यार्थी, या विषयात दोघांचीही पंचाईत होते. पंधरा-वीस मुलाखती नीट निवडून घेतल्या, त्यात सौरपंप नाकारलेल्या माणसांनाही धरलं आणि नवं काही ऐकू येईनासं होईपर्यंत विचारत राहिलं, तर तो भक्कम पुरावा असतो. शंभर जणांना 'होय/नाही'चा फॉर्म भरायला लावणं दिसायला मोठं, पण पुष्कळदा पोकळ असतं.

तरीही दोन्ही पद्धती अर्ध्या-अर्ध्या करू नका, असं मी सांगेन. मास्टर्सच्या वेळात एक पद्धत खोलवर शिकता येते आणि दुसरी आधारापुरती. 'बहुविद्याशाखीय' या शब्दाचा आडोसा घेऊन सगळ्यातलं थोडं थोडं केलेले थिसिस वाचताना जलशास्त्रज्ञही हताश होतो आणि अर्थशास्त्रज्ञही.

कुंपण कुठे घालायचं

२०१८ मध्ये डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने दुकानात मिळणाऱ्या पिशव्यांचा जन्मापासून अंतापर्यंतचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातला एक आकडा जगभर फिरला: साध्या कापसाची पिशवी ७,१०० वेळा वापरली तरच ती प्लास्टिकच्या पातळ पिशवीपेक्षा चांगली, आणि सेंद्रिय कापसाची २०,००० वेळा. लोक चक्रावले. पण त्याच अहवालात फक्त हवामानावरचा परिणाम धरला तर साध्या कापसासाठी आकडा ५२ होता आणि सेंद्रियसाठी १४९. मोठे आकडे तपासलेल्या सगळ्या परिणामांपैकी सर्वांत वाईट परिणामावरून आले होते, आणि तो परिणाम ओझोन थराचा होता. शिवाय रस्त्यावर, नदीत, समुद्रात पडून राहणाऱ्या प्लास्टिकचा त्रास या अभ्यासाच्या कुंपणाबाहेर होता.

अहवालात खोटं काही नव्हतं. कुंपण कुठे आहे ते त्यात लिहिलेलंही होतं. वाचणाऱ्यांनी आकडा उचलला आणि कुंपण तिथेच सोडून दिलं. संशोधनाचं मास्टर्स केलेल्या माणसाला असा आकडा दिसला की त्याचा हात आपोआप पद्धतीच्या प्रकरणाकडे जायला हवा. सौरपंपाच्या अभ्यासातही हेच प्रश्न येतात. पॅनेल बनवताना झालेलं उत्सर्जन धरायचं का? वीस-पंचवीस वर्षांनी निकामी झालेल्या पॅनेलचा कचरा? खालच्या अंगाला ज्याची विहीर कोरडी पडली तो शेतकरी कुंपणाच्या आत की बाहेर? यातलं काहीही बाहेर ठेवायला हरकत नाही. फक्त बाहेर ठेवलं आहे असं सांगायचं, आणि ते आत घेतलं असतं तर उत्तर कोणत्या बाजूला झुकलं असतं याचा अंदाज द्यायचा.

एका भूजल खोऱ्यापासून

प्रश्न लहान केला की काम लहान होतं, ही भीती अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्याकडे बघितल्यावर जरा ओसरते. १९६५ साली पूर्ण झालेला त्यांचा पीएचडीचा प्रबंध लॉस एंजेलिसजवळच्या वेस्ट बेसिन या एका भूजल खोऱ्यावर होता. अतिउपशामुळे समुद्राचं खारं पाणी आत शिरत होतं, आणि पाणी उपसणाऱ्यांनी एकत्र येऊन ते कसं आटोक्यात आणलं, एवढाच प्रश्न. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांचा प्रसिद्ध लेख आला. सामायिक कुरणावर प्रत्येक जण आपली जनावरं वाढवत नेतो आणि शेवटी कुरणच संपतं, असा त्याचा सूर होता. यावर उपाय एकतर सरकारी नियंत्रण किंवा खाजगी मालकी, असं पुढे बरीच वर्षं धरून चाललं गेलं. ऑस्ट्रॉम यांनी मात्र प्रत्यक्ष काय घडतं तेच उकरून काढायचं ठरवलं. कुरणं, मासेमारी, जंगलं, सिंचनाचे पाट यांवर वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या अभ्यासकांनी केलेली वर्णनं गोळा करून, एकाच चौकटीत बसवून त्यांनी ती ताडून पाहिली. काही ठिकाणी लोकांनी स्वतःचे नियम करून सामायिक साधन शतकानुशतकं टिकवलेलं निघालं, काही ठिकाणी बोजवारा उडालेला. कोणत्या नियमांनी तग धरला हे त्यांनी यातून शोधून काढलं. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

पद्धतीच्या दृष्टीने यात मास्टर्सवाल्यांच्या उपयोगाचं पुष्कळ आहे. ऑस्ट्रॉम यांनी सगळा डेटा स्वतः गोळा केला नाही. इतरांनी केलेले एकेका गावाचे, एकेका पाटाचे अभ्यास नसते तर त्यांना ताडून बघायला काही उरलंच नसतं. तुमचा एका पाणलोटाचा थिसिसही उद्या कोणाच्या तरी तुलनेत एक ओळ होऊ शकतो, पण त्यासाठी पद्धत इतकी स्वच्छ लिहिलेली हवी की अनोळखी माणसाला ती परत वापरता यावी.

माणसांकडून माहिती घेताना

माणसांवरच्या संशोधनासाठी नैतिक समितीची मंजुरी आधी घ्यावी लागते. डेटा गोळा करून झाल्यावर ती मिळत नाही. यात आठवडे किंवा महिनेही जातात, आणि शेतीचा हंगाम तुमच्या फॉर्मसाठी थांबत नाही. वेळापत्रक आखताना विसरली जाणारी ही पहिली गोष्ट.

समितीचा फॉर्म कंटाळवाणा असला तरी त्यामागचा विचार नाही. अमेरिकेतल्या १९७९ च्या बेलमाँट अहवालाने तीन तत्त्वं मांडली: माणसाचा मान राखणं, त्याचं भलं बघणं आणि न्याय. आपल्या उदाहरणात बघा. मुलाखतीत शेतकरी सहज सांगून जातो की त्याची दुसरी बोअरवेल नोंदलेली नाही. तुम्ही नाव बदललंत, पण नकाशावर शेताचा बिंदू तसाच ठेवलात. तर मग नाव बदलून काय झालं? बिंदू धूसर करावे लागतात, कच्चा डेटा कुलूपबंद ठेवावा लागतो, आणि काही वेळा मिळालेली चांगली माहितीही सोडून द्यावी लागते. न्यायाचा भाग असा की एखाद्या वस्तीकडून तास न् तास घ्यायचे, पदवी मिळवायची आणि काय सापडलं ते तिथे कधीच सांगायचं नाही, हे चालू नये. त्यांच्या भाषेतला दोन पानांचा सारांश आणि एक बैठक, एवढं तरी आराखड्यात आधीपासून लिहून ठेवावं.

गाइड, पैसा आणि बाकीचं

विद्यापीठाच्या नावापेक्षा गाइड जास्त महत्त्वाचा, हे सगळेच सांगतात, पण गाइड निवडायचा कसा हे कोणी सांगत नाही. त्यांच्या शोधनिबंधांआधी त्यांच्या हाताखाली झालेले दोन-तीन मास्टर्सचे थिसिस वाचा. बऱ्याच विद्यापीठांच्या संग्रहात ते मोफत मिळतात. प्रश्न धारदार आहे का, थिसिस वेळेत संपला का, सगळे विद्यार्थी एकाच साच्याचं काम करतात का, हे तिथे दिसतं. मग शक्य झालं तर आत्ताच्या एखाद्या विद्यार्थ्याला विचारा की प्रकरण पाठवल्यावर उत्तर यायला किती दिवस लागतात. ईमेल लिहिताना 'आपल्या कार्याने प्रभावित झालो' याऐवजी त्यांच्या एका निबंधातला एक प्रश्न आणि तुम्हाला पडलेली एक शंका, एवढं आठ-दहा ओळींत पुरतं.

पैशाचं थोडक्यात: थिसिसच्या मास्टर्सला उत्तर अमेरिकेत बऱ्याचदा संशोधन किंवा अध्यापन सहायकाचं काम मिळतं आणि त्यातून फी किंवा खर्च भागतो. गाइडच्या प्रकल्पातून पैसा येत असेल तर प्रश्नही बराचसा त्या प्रकल्पाचा असतो, हे आधी समजून घ्या. युरोपात एरासमुस मुंडुस या युरोपीय संघाच्या योजनेतले संयुक्त अभ्यासक्रम शिष्यवृत्ती देतात आणि त्यात दोन किंवा अधिक देशांत शिकावं लागतं. जर्मनीच्या 'डाड' या संस्थेच्या विकासविषयक अभ्यासक्रमांच्या शिष्यवृत्तीसाठी किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. फील्डवर्कचा खर्च यात बहुधा धरलेला नसतो.

ही पदवी सगळ्यांसाठी नाही, हेही सांगायला हवं. कंपन्यांचे शाश्वतता अहवाल, कार्बनचा हिशेब, प्रकल्प व्यवस्थापन अशा कामाकडे जायचं असेल तर शिकवणीप्रधान मास्टर्स आणि इंटर्नशिप हा जवळचा रस्ता आहे. चळवळीत उतरायचं असेल तर दोन वर्षं एका पाणलोटावर घालवणं तुम्हाला चिडवून सोडेल. पीएचडी, धोरण-संशोधन संस्था किंवा प्रकल्पांचं मूल्यमापन करणारी कामं डोळ्यासमोर असतील तर मात्र थिसिसला पर्याय नाही. अशा नोकरीच्या मुलाखतीत थिसिसचा निष्कर्ष एका मिनिटात विचारला जातो आणि पुढची वीस मिनिटं तो कसा काढला यावर जातात.

थिसिसमधून शोधनिबंध निघण्यासारखा असेल तर पदवी हातात पडण्याआधीच गाइडशी बोलून ठेवा: लिहिणार कोण, कधीपर्यंत, आणि लेखकांच्या नावांचा क्रम काय. नोकरी लागून दुसऱ्या गावी गेल्यावर हे बोलणं अवघड होत जातं.